तिरकं माप

त्याला सगळे अचूक म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण त्यानंच ते पसरवलं असणार अशी खालच्या बागवाल्यांना शंका होती, आणि शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. चहाच्या टपरीवर कुणी नवखा दिसला की तो आपणहून सांगायचा, "मला इकडे अचूक म्हणतात." माणूस वाईट नव्हता. कुणाचं वाकडं केलं नाही, कुणाचं ठेवून घेतलं नाही. फक्त ऐकत नसे. त्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि त्यातून ते बंदुकीबद्दल असलं तर घडा नुसता पालथा नाही, वर दगडही ठेवलेला.

त्याचं काम असं होतं. डोंगराच्या अगदी कडेवर वनखात्याची एक चौकी होती. एकच खोली, लाकडी भिंती, दरीकडे उघडणारी रुंद खिडकी. खिडकीखालून डोंगर एकदम उतरायचा, आणि त्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी फळबागा लावलेल्या होत्या, थेट खाली ओढ्यापर्यंत. ओढ्यापलीकडे जंगल. फळं धरू लागली की जंगलातली रानडुकरं ओढा ओलांडून बागांत शिरत आणि एका रात्रीत वर्षभराची मेहनत उकरून ठेवत. परवाना आणि बंदूक घेऊन त्या खिडकीशी बसायचं, उजेड आहे तोवर बागांवर नजर ठेवायची आणि डुक्कर दिसलं की वरून टिपायचं, यासाठी खात्यानं त्याला नेमलं होतं. बाकी लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हा डोंगरावरून डुकरं हाकायचा, असं बागवाले म्हणत.

खिडकीशी दोन तिपाया होत्या. डावीकडची त्याची, उजवीकडची बायकोची. बायको शिवणकाम करायची. बागवाल्यांच्या बायकांची पोलकी, मुलांचे गणवेश, उशांचे अभ्रे, जे येईल ते. दिवसा ती चौकीतच शिवत बसायची आणि ऊन कलू लागलं की सुई टोचून ठेवायची, खिळ्यावरची दुर्बीण गळ्यात घालायची आणि त्याच्या शेजारी येऊन बसायची. बंदूक टेकवायला खिडकीच्या फळीवर वाळूची उशी होती, तीही तिनंच त्याच्या जुन्या पँटच्या कापडाची शिवली होती. तिचं काम अंतर सांगायचं. डुक्कर दिसलं की ती दुर्बिणीतून बघायची आणि हळूच म्हणायची, "पांढरा दगड. दोनशे." बंदुकीवरच्या नळकांडी दुर्बिणीला एक चकती होती, तिच्यावर अंतराचे आकडे कोरलेले होते. तो ती चकती दोनशेवर फिरवायचा आणि म्हणायचा, "लावलं." मग बार. एवढ्यापलीकडे त्या वेळी कुणी काही बोलायचं नाही, असा नियमच पडून गेला होता.

थंडी सरता सरता ती गेली. ताप आला, छातीत भरलं, आणि इस्पितळात नेईपर्यंत सगळं आटोपलं. लेक दूरच्या शहरातून आली, तेरा दिवस राहिली, आणि जाताना म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे. खोली रिकामी आहे." तो म्हणाला, "फळं धरतील आता. इथे काम आहे."

काम होतंच. पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यानं लेकीला सांगितली नाही. खालच्या घरात बायको गेल्यासारखी वाटायची. चौकीत वाटत नव्हती. चौकीत ती नुसती बोलत नव्हती, आणि डुकराची वाट बघताना ती कधीच बोलत नसे.

एकदा त्यानं तिची दुर्बीण डोळ्याला लावून पाहिली. सगळं दोन दोन दिसायला लागलं. दुर्बिणीचे दोन डोळे जवळ किंवा दूर करायला मधे बिजागरी असते. ती बायकोच्या डोळ्यांच्या मापानं बसवलेली होती, आणि तिचा चेहरा लहानसा. बिजागरी जरा ताणली असती तर काम झालं असतं. त्यानं अंगठा लावलाही. पण ते माप मोडायला त्याचा हात होईना. दुर्बीण पुन्हा खिळ्यावर गेली.

मग अंतर कोण सांगणार? हा प्रश्न नव्या साहेबांना पडला. साहेब म्हणजे वनखात्याचा तरुण अधिकारी, नुकताच बदलून आलेला, बोलायला गोड आणि कामात घाईचा. एके दिवशी तो चढण चढून धापा टाकत वर आला आणि खिशातून तळहाताएवढं काळं यंत्र काढलं.

"काका, हे घ्या. यातून बघायचं आणि वरचं बटण दाबायचं. किती लांब आहे ते आकड्यात येतं."

"काही चुकलं तर?"

"ते चुकत नाही, काका. माणूस चुकतो."

साहेब गेल्यावर अचूकनं यंत्र डोळ्याला लावलं. सगळ्यात आधी त्यानं पांढऱ्या दगडाकडे बघितलं, कारण निम्म्याहून जास्त डुकरं त्या दगडापाशी पडली होती. बटण दाबलं. आत लाल आकडा उमटला. दोनशे साठ.

तो हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. शेजारच्या तिपाईकडे वळून म्हणाला, "दोनशे साठ आहे ते. ऐकलंस का? जन्मभर दोनशे दोनशे करत आलीस."

मग त्यानं वाकडं झाड बघितलं. ती म्हणायची दीडशे. यंत्र म्हणालं एकशे ऐंशी. पाण्याच्या नळाचा सांधा. ती म्हणायची शंभर. यंत्र म्हणालं एकशे वीस. एकही बरोबर नाही! त्याला मनापासून बरं वाटलं. बायकोची चूक सापडण्याचं सुख काय असतं ते लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको, आणि ती नसताना सापडलेली चूकही त्यानं जपून ठेवली असती. तरीही एक कुसळ टोचत होतंच: आकडे चुकीचे होते तर डुकरं पडत कशी होती? त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. हात. बसलेला हात चुकीच्या आकड्यालाही सांभाळून घेतो.

हा हात बसल्याची गोष्ट त्याच्या फार आवडीची होती. लग्न होऊन तो नवीनच या चौकीवर आला तेव्हा पहिलं दीड वर्ष त्याचे बार वाया जायचे. तो सपाट मुलखात नेमबाजी शिकलेला. तिथे बक्षिसंही मिळवली होती. इथे आला आणि गोळ्या डुकरांच्या पाठीवरून मातीत. तो वाऱ्याला नावं ठेवायचा, दारूगोळ्याला ठेवायचा, डुकरांनाही ठेवायचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! आणि मग एका हंगामात अचानक सगळं जुळलं. तेव्हापासून तो टपरीवर सांगत आला की डोंगरावरचा हात बसायला दीड वर्ष लागतं. बायको बाजाराची पिशवी घेऊन बाजूला उभी असायची आणि पिशवीतली भाजी वरखाली करायची. लेकीच्या बाळंतपणाला बायको दोन महिने गेली होती त्या काळात पुन्हा बार वाया गेले, पण त्या वर्षी वारा फारच होता.

आता नवं यंत्र हाती आलं. पहिलं डुक्कर दिसलं ते वाकड्या झाडाजवळ. यंत्र, एकशे ऐंशी, चकती, बार. गोळी पाठीवरून जाऊन पलीकडे धूळ उडाली आणि डुक्कर पसार. दुसऱ्याच्या वेळी तेच. तिसऱ्याच्याही.

चौथा एकुलगा होता. कळपातून फुटून एकटा हिंडणारा थोराड नर, त्याला जाणकार एकुलगा म्हणतात. खांद्याशी काळा, सुळे बाहेर. पांढऱ्या दगडाशी येऊन तो आडवा उभा राहिला, याहून सोपा बार मागूनही मिळत नाही. उंचावरून मारताना गोळी वरून शिरते आणि खाली बाहेर पडते, म्हणून अलीकडच्या अंगावर नाही, पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धरायचा. हे अचूकला पक्कं ठाऊक होतं आणि त्यानं तसंच धरलं. चकतीवर दोनशे साठ. श्वास अर्धा सोडला. चाप दाबला.

गोळी एकुलग्याच्या पाठीचा कणा चाटून गेली. तो कोसळला, किंचाळला, उठला आणि एक पाय ओढत खाली झाडीत घुसला. अचूक रक्ताच्या मागावर ओढ्यापर्यंत गेला. पुढे माग पाण्यात हरवला.

जखमी एकुलगा जंगलात परत जात नाही. त्याला पळवत नाही, खायला सोपं लागतं, आणि अंगात आग असते. तो बागांतच दबा धरून राहिला. आठवडा उलटायच्या आत त्यानं एका बागवाल्याच्या आईला पाडलं. म्हातारी पाटाचं पाणी वळवायला वाकली होती; मागून आला आणि मांडी फाडून गेला. हाडही मोडलं.

बागवाला संध्याकाळी चौकीवर आला. वीस वर्षांची ओळख, एकमेकांच्या घरचं जेवण झालेलं. तो आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"आई वाचली," तो म्हणाला.

"मी येतो भेटायला."

"भेटायला नको. त्याला मारा." बागवाला तिपाईकडे बघत म्हणाला, "वहिनी होत्या तेव्हा असं होत नव्हतं, अचूक. लोक म्हणतात, वहिनींबरोबर तुमचे डोळेही गेले."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, आणि मागोमाग साहेब. या खेपेला तो गोड बोलला, पण बोलला ते गोड नव्हतं. वरून तक्रार आली होती. चौकी बंद करायची, बागांच्या मधोमध लोखंडी मनोरा उभा करायचा, त्यावर नवा माणूस नेमायचा, असं घाटत होतं.

"मी रविवारी स्वतः येऊन बसतो तुमच्याबरोबर," साहेब म्हणाला. "तोवर त्याला संपवलंत, किंवा माझ्यासमोर संपवलंत, तर मी वर सांगेन की चौकी हवी. नाहीतर काका, वयाप्रमाणे थांबायला काय हरकत आहे? मुलगी आहे ना तुम्हाला?"

चौकी गेली की ती तिपाई गेली, खिळ्यावरची दुर्बीण गेली, उशी गेली. या सगळ्या वस्तू लेकीच्या शहरातल्या खोलीत नेता आल्या असत्या. पण तिथे त्या नुसत्या वस्तू झाल्या असत्या. अचूकला हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तो एवढंच म्हणाला, "रविवारी या."

शनिवारी सकाळी त्यानं बंदूक तपासायला घेतली. चौकीच्या मागे कडेवर सपाट पट्टी होती, तिच्या टोकाला जुनी पाण्याची टाकी. टाकीला फळी टेकवली, फळीवर कोळशानं ठिपका काढला आणि अलीकडून तीन बार टाकले. तिन्ही भोकं एका रुपयाखाली झाकली गेली असती. म्हणजे बंदूक ठीक. हात ठीक. डोळे तर ठणठणीत!

मग यंत्र. ते टाकीपर्यंत ऐंशी दाखवत होतं. खरं किती ते कसं ठरवायचं? चौकीत एकच माप होतं, बायकोची शिवणकामाची टेप. तीच घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि दीड दीड मीटरची टेप जमिनीवर मांडत, खूण करत, पुन्हा मांडत टाकीपर्यंत रांगत गेला. म्हातारपणी रांगताना त्याला कुणी पाहिलं नाही हे त्याचं नशीब. टाकीशी पोचून हिशेब केला. ऐंशी. यंत्र बरोबर होतं.

आणि तिथेच, मातीत बसल्या बसल्या, त्याला आठवलं की टाकी ऐंशीवर आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. बायको म्हणायची. "टाकी ऐंशी." कावळे हुसकायला तो कधीमधी त्या बाजूला बार काढायचा तेव्हा म्हणायची.

म्हणजे तिला अंतर कळत होतं. नुसत्या डोळ्यानं, टेपेइतकं. सपाटीवर ती चुकत नव्हती. चुकत होती फक्त उतारावर. तो उठून खिडकीशी गेला आणि पुन्हा एकेक खूण बघितली. नळाचा सांधा, जरा उतार, जरा चूक. पांढरा दगड, तिथे डोंगर सगळ्यात खडा, आणि चूकही सगळ्यात मोठी. चुकायची म्हणून चुकणारी बाई अशी शिस्तीत चुकत नाही.

तेव्हा त्याला ते भांडण आठवलं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

दुसरं वर्ष होतं लग्नाचं. तो बार वाया घालवून चिडून बसला होता. ती खाली जमिनीवर कापड पसरून तिरक्या पट्ट्या कापत होती, गळ्याला लावायच्या. कापता कापता म्हणाली, "अहो, हे बघा. या कापडाची रुंदी एवढीच आहे. पण तिरकी टेप धरली की जास्त भरते. तुम्ही वरून खाली मारता तेव्हा तिरकं माप धरता. गोळी तर सरळ खालीच पडते ना? मग आडवं माप धरायला हवं. जवळचं समजून मारा. नाहीतर ती वरून जाणारच."

ती किती साधं बोलली होती! आणि तो काय म्हणाला होता? तो म्हणाला होता, "शिवणकाम तू बघ. बंदूक माझ्यावर सोड." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो पुढे म्हणाला की बाईनं बंदुकीत तोंड घालावं अशी वेळ अजून आली नाही, आणि आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. आठवड्यानंतर ती संध्याकाळी दुर्बीण गळ्यात घालून त्याच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "अंतर मी सांगत जाते. तुम्हाला बंदुकीवरचा डोळा उचलायला नको." त्याला वाटलं, आली वळणावर. आणि त्याच हंगामात त्याचा हात बसला.

अचूकचा पहिला राग तिच्यावरच निघाला. फसवलं हिनं! उभा जन्म शेजारी बसून, मांडीला मांडी लावून, रोज खोटं सांगितलं. सगळ्या गावासमोर तो छाती काढून हिंडत होता आणि ही आतून हसत होती. त्यानं तिची तिपाई उचलली आणि भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवली. तिपाईला तोंड नसतं हे त्याच्या लक्षात आलं, पण तरी ठेवली.

दुपारी त्यानं लेकीला फोन लावला.

"तुझ्या आईनं तुला माझ्याबद्दल काही सांगितलं होतं का?"

"कशाबद्दल, बाबा?"

"बंदुकीबद्दल. नेमाबद्दल. हसण्यासारखं काही."

"नाही. आई म्हणायची, तुझ्या बाबांसारखा नेम कुणाचा नाही. का हो?"

"काही नाही," तो म्हणाला. "सहज."

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो," तो म्हणाला. जेवला नव्हता.

फोन ठेवून तो खिडकीशी आला. लेकीलाही नाही. बागवाल्याच्या बायकोलाही नसणार, नाहीतर टपरीवर कधीच पोचलं असतं. झाकली मूठ तिनं शेवटपर्यंत उघडली नव्हती. ती हसत नव्हती. हसायला निदान एक माणूस तरी सोबत लागतं. टपरीवर तो हात बसल्याची गोष्ट सांगायचा आणि ती पिशवीतली भाजी वरखाली करायची, ते त्याला आता दिसलं, पहिल्यांदा. बरोबर असूनही कुणाला न सांगता येणं म्हणजे काय, ते तिनं किती वर्षं सोसलं होतं? बायको गेल्यापासून तो स्वतःला एकटा समजत होता. चौकीत एकटी ती बसली होती, तो शेजारी असताना.

त्याला रडू आलं. त्यानं ते येऊ दिलं, बघणारं कुणी नव्हतं. मग उठून तिपाई कोपऱ्यातून आणली आणि खिडकीशी होती तिथे ठेवली.

रविवारी ऊन कलायला साहेब आला. आल्या आल्या उजवीकडच्या तिपाईवर बसायला गेला.

"तिथे नको, साहेब," अचूक म्हणाला. "ही पेटी घ्या बसायला."

साहेब पेटीवर बसला. दोघे वाट बघत राहिले. साहेबाला गप्प बसायची सवय नव्हती, दर थोड्या वेळानं तो खिडकीबाहेर वाकायचा, घड्याळ बघायचा. खाली बागवाला आणि आणखी दोघे आपापल्या माचीवर चढून बसले होते. बागांमधली सावली वर चढत होती. पांढऱ्या दगडावर शेवटचं ऊन होतं तेव्हा त्याच्यामागचं झुडूप हललं.

एकुलगा बाहेर आला. पाय ओढत, थांबत थांबत. पाठीवरची जखम काळी पडली होती आणि तिच्यावर माश्या होत्या, एवढ्या लांबून त्या दिसत नव्हत्या पण तो सारखी कातडी थरथरवत होता. दगडाशी येऊन त्यानं अंग घासलं. अचूकला त्याची दया आली. हे दुखणं त्याला आपणच दिलंय, आणि देताना यंत्राचं ऐकलं होतं.

"काका," साहेब कुजबुजला. यंत्र त्याच्या हातात होतं. "दोनशे साठ."

अचूकनं चकतीला बोट लावलं. आणि थांबला.

तिच्या आकड्यावर भरवसा टाकायचा तर ही एकच संधी होती. ती चुकलेली असली, किंवा त्यानं काल मातीत बसून जे जुळवलं ते म्हाताऱ्या माणसाचे मनाचे खेळ असले, तर गोळी याच्या पोटाखालून जाईल. एकुलगा झाडीत जाईल, उद्या आणखी कुणाला पाडेल, आणि चौकीला कुलूप लागेल. पण पोटाखालून गेली तरी ती तिच्या आकड्यानं जाईल. आयुष्यात एकदा तरी जाणूनबुजून तिचं ऐकलं असं होईल.

त्यानं चकती दोनशेवर आणली.

"काका, साठ—" साहेब म्हणाला.

"लावलं," अचूक म्हणाला. साहेबाला नाही.

पलीकडचा पुढचा पाय. अर्धा श्वास. बार झाला, दरीभर फिरून परत आला, आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीतून त्यानं पाहिलं तेव्हा एकुलगा दगडाला टेकल्यासारखा खाली बसत होता. एकदा मागचा पाय झाडला. मग नाही.

खालून आरडाओरडा सुरू झाला. बागवाला माचीवर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. "अचूक! अचूक!" त्या दोघांनीही तेच धरलं.

"कमाल केलीत!" साहेब उठून उभा राहिला. "पण तुम्ही दोनशेच लावलंत. मी बघत होतो. साठ कुठे गेले?"

"अंतर माझ्या बायकोनं सांगितलं," अचूक म्हणाला.

साहेबाच्या चेहऱ्यावर जे आलं ते अचूकला कळलं. म्हाताऱ्या, एकट्या माणसांकडे बघून लोकांच्या चेहऱ्यावर येतं तेच. म्हणून त्यानं सगळं सांगितलं. कापड, तिरकी टेप, आडवं माप. शिवणकाम तू बघ म्हणालो, तेही सांगितलं. ते सांगताना अडखळला, पण गाळलं नाही. दीड वर्षात हात बसला नव्हता, तिनं बसवला होता. पुन्हा कधी टपरीवर विषय निघाला तर साहेबांनी असंच सांगावं, म्हणाला.

साहेब ऐकता ऐकता यंत्र हातात फिरवत होता. "थांबा हं," तो म्हणाला. "याला खालच्या बाजूला अजून एक बटण आहे. माहितीपत्रक ऑफिसात खोक्यातच राहिलं, मी काही वाचलं नाही." त्यानं यंत्र डोळ्याला लावलं, दगडाकडे धरलं आणि खालचं बटण दाबलं. मग यंत्र हळूच खाली घेतलं.

"काय झालं?"

"उतार धरून, गोळीसाठीचं अंतर दाखवतंय." साहेबानं यंत्र त्याच्यापुढे केलं. "काका, त्यांनी खोटं नव्हतं सांगितलं."

अचूकनं लगेच बघितलं नाही. साहेब खाली निघाला, एकुलगा बघायला आणि बागवाल्यांशी बोलायला, दारातून म्हणाला, "चौकीचं मी बघतो. तुम्ही काळजी करू नका." त्याची पावलं उतारावर घसरत घसरत लांब गेली. खालून अजून हाका येत होत्या. अचूकनं खिडकीतून हात केला नाही.

उजेड थोडाच उरला होता. त्यानं यंत्र डोळ्याला लावलं, वाकडं झाड शोधलं आणि खालचं बटण दाबलं. दीडशे. नळाचा सांधा. एकशे एक. "एकानं चुकलीस," तो म्हणाला. मग पांढरा दगड. त्याच्यापाशी माणसं जमली होती, एकुलग्याला दोर बांधत होती. त्यानं कोपर वाळूच्या उशीवर टेकलं आणि बटण दाबलं.

दोनशे.

"लावलं," तो म्हणाला. नेहमीसारखं. पुढे काही बोलायचं नाही असा नियम होता. पण तो तिपाईकडे वळला.

"बरोबर होतं गं तुझं," तो म्हणाला, आणि खालची माणसं एकुलग्याला ओढत घेऊन जाईपर्यंत तिथेच, डावीकडच्या तिपाईवर, बसून राहिला.